चित्राच्या आतली ओळ

फोटो चढवला आणि खाली लाल अक्षरं आली. ‘चित्राची तारीख आणि दर्शनाची तारीख जुळत नाही.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सोमवार होता, सकाळचे सव्वानऊ. फोटो आडखिंडच्या उंबराई देवीचा, ‘आजचे दर्शन’ या पानासाठी आलेला. आकाशी साडी, झेंडूचा हार, कपाळभर मळवट. आणि संगणक सांगत होता, हा फोटो गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी काढलेला आहे.

“निनाद, फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय वाटतं,” मी म्हटलं.

“असेल. फोन करून सांगा त्याला,” तो मान वर न करता म्हणाला.

निनाद शिर्के माझा मालक. कराडात एका मिठाईच्या दुकानावर त्याचं चार टेबलांचं ऑफिस होतं, वेबसाइटी बनवायचं. मी तिथे मजकूर चढवायचं काम करायची. घरात मिळवणारी मी एकटी, आणि पन्नाशीच्या बाईला संगणकापुढे बसवणारा माणूस गावात दुसरा नव्हता. तिथे लागून मला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

उंबराईची नवी साइट त्याच सकाळी सुरू झाली होती. जुनीवर देवस्थानातून मोबाइलवर फोटो यायचा. मोबाइलवरून आलेल्या फोटोच्या पोटातली माहिती वाटेतच गळून जाते, कधी काढला, किती वाजता काढला ते काही उरत नाही. नव्या साइटला कॅमेऱ्यातला मूळ फोटो लागायचा, आणि नवा फॉर्म त्याची तारीख स्वतःच वाचून घ्यायचा. निनादला त्याचं मोठं कौतुक होतं. सगळं नव्या नियमांप्रमाणे केलंय, शोधलं की आपणच पहिले दिसणार, असं तो चार दिवस सांगत होता.

मला ती साइट बघवत नव्हती. पान उघडलं की देवीच्या चेहऱ्यावर देणगीची चौकट येऊन बसायची. ती घालवायची फुली पांढऱ्यावर फिकट करडी, मोहरीएवढी. “मुद्दामच, ताई,” निनाद म्हणाला होता, “फुली शोधेपर्यंत माणूस चार सेकंद तरी चौकट वाचतो.” पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याने शब्द पेरून ठेवले होते. लॉज, मंगल कार्यालय, संतानप्राप्ती, प्लॉट, नवस. माणसांना दिसू नयेत, शोधयंत्राला दिसावेत म्हणून. देवीच्या पायांखाली कुणी खरकटं सारून ठेवावं तसं मला ते वाटायचं. पण मी बोलण्यातली बाई नव्हे. मी एवढंच मागून घेतलं होतं की चित्राच्या आतली ओळ तरी माझ्याकडे राहू दे.

“ती तुमची तुम्हीच ठेवा,” तो हसला होता. “ती वाचतंय कोण?”

प्रत्येक चित्राच्या आत एक ओळ लिहायची सोय असते. डोळ्यांनी पान पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ज्याला दृष्टी नाही त्याचा फोन पान वाचून दाखवताना चित्रापाशी आला की ती ओळ बोलून दाखवतो. इतर साइटींवर तिथे बहुतेक ‘फोटो’ एवढंच असतं, किंवा काहीच नसतं. मी मात्र रोज देवीकडे बघून चांगल्या चार-पाच ओळी लिहायची.

त्यात माझाही स्वार्थ होता. उंबराईचं मुख पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हा नेम माझ्या आईचा. तिच्यामागे तो मी चालवला. आडखिंड कराडहून दीड तासावर, रोज जाणं होणार नाही. मग सकाळी अंघोळ, देवीस्तोत्राची अकरा आवर्तनं, आणि ऑफिसात आल्यावर त्या दिवशीचा फोटो. आधी डोळे भरून पाहायचं, मग लिहायचं, मग डबा.

मी फोटोवाल्याला फोन लावला.

“घड्याळ बरोबर आहे की, ताई,” तो म्हणाला. “आम्ही एकदमच काढतो. महिन्यातून दोनदा. दुपारी देवीच्या विश्रांतीला गाभारा बंद असतो ना, एक ते पाच, तेव्हा गर्दी नसते. चौदा साड्या आटोपतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे एक नेसवायची, काढायचा, सोडायची, दुसरी. पुढून नुसती लपेटून पिना मारायच्या. मागचं कोण बघतंय? तुम्हाला रोज एकेक पाठवायचाही मला कंटाळा येतो. सगळेच देऊन टाकू का?”

दहा मिनिटांत चौदा फोटो आले.

मी ते ओळीने उघडले. दोन वाजून बावन्न. तीन वाजून दोन. तीन अकरा. नऊ-नऊ, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने देवी हिरवी, पिवळी, डाळिंबी, आकाशी होत गेली होती. साड्या बदलत होत्या, हार तोच होता. डावीकडून पाचव्या झेंडूची एक पाकळी दुमडलेली, ती चौदाही फोटोंत दुमडलेली. आणि नथीशेजारी हळदीचा एक ठिपका, चौदाही फोटोंत त्याच जागी.

बुधवारपासून रविवारपर्यंत पाच दिवस मी तो चेहरा पाहिला होता. पाचही दिवस लिहिलं होतं, ‘ताज्या झेंडूंचा हार’. रोज त्या ठिपक्याकडे बघून हात जोडले होते आणि जेवले होते.

दुकानाच्या काचेतल्या बाहुलीचे कपडे बदलतात तसे तिचे, तेही तिच्या झोपेच्या वेळेला.

दहावा फोटो येत्या शुक्रवारचा होता. तो उघडून मी मोठा करून पाहिला. जांभळं इरकल, लाल पदर. हिरेमठकाकांची साडी.

यशवंत हिरेमठ सोलापूरचे. वीज मंडळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून दृष्टी नाही. वर्षभरापूर्वी त्यांनी ऑफिसचा नंबर शोधून फोन केला होता. “चित्राच्या आतलं कोण लिहितं तिथे? त्यांना लाइन द्या.” तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी त्यांचा फोन यायचा. बोलता बोलता मी गप्प झाले की विचारायचे, “लाइनवर आहात ना, बाई?”

त्यांची पत्नी शैलजा मागच्या वर्षी गेली. जाताना म्हणाली होती, माझं लग्नातलं इरकल उंबराईला नेसवा, आपल्या लग्नाच्या तारखेला. ती तारीख या शुक्रवारी येत होती. त्यांनी साडी महिन्याआधीच देवस्थानला पोचवली, आणि चिठ्ठीवर शिक्का मारून शुक्रवार मिळाला.

“ती म्हणायची जांभळी. दुकानदार म्हणाला होता वांगी,” त्यांनी मला सांगितलं होतं. “चाळीस वर्षं या दोघांत मी कुणाचं खरं मानावं? शुक्रवारी तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा. मी येणारच आहे. तुम्ही बरोबर असाल तर बरं.”

मी येते म्हटलं होतं.

मी उठून निनादच्या टेबलाशी गेले. हळू आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याला आधीच माहीत होतं, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

“मग अडचण काय आहे, ताई? लाल एरर येतोय तेवढीच ना? फोटोतली तारीख पुसून टाका. उजवं बटण, माहिती, सगळं काढा. एक क्लिक आहे.”

“पण वर ‘आजचे दर्शन’ लिहिलंय आपण.”

“आज दर्शन होतंय ना लोकांना? मग आजचंच.”

“हिरेमठकाका येणार आहेत शुक्रवारी. त्यांची साडी झाली नेसवून. गेल्या मंगळवारी. नऊ मिनिटं.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “त्यांना दिसतं का?”

मी जायला वळले.

“चिडू नका. मी वाईट अर्थाने नाही म्हणत. त्यांचं समाधान झाल्याशी कारण. देवस्थानचं काम पुढच्या वर्षी राहिलं तरच ही चार टेबलं राहतील, एवढं लक्षात ठेवा.”

मी जागेवर आले. पुसण्याआधी चौदाही फोटोंची तारीख आणि वेळ माझ्या जपाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घेतली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मग उजवं बटण, माहिती, सगळं काढा. चौदा वेळा. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली.

त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. मंगळवारी मात्र भूक लागली. मी फोटोकडे पाहिलं, हात जोडले, आणि जेवले. बुधवारीही जेवले. गुरुवारी शुक्रवारच्या फोटोची ओळ लिहिली आणि चढवून ठेवली. लिहिताना मन लावून लिहिली, हे अधिक घाण. ‘देवीने आज इरकल नेसले आहे. रंग पिकलेल्या जांभळाचा, घडीच्या कडेवर किंचित लाली. पदर लाल, त्यावर पांढरे पट्टे. नेसण जुन्या पद्धतीची, जणू घरातल्या कुणी नेसवली आहे.’

घरातल्या कुणी. मी लिहिलं ते.

काकांना मी फोन करू शकत होते. चार दिवस होते. मी स्वतःला सांगत राहिले की कदाचित शुक्रवारी पुन्हा नेसवतील. चिठ्ठीवर शिक्का आहे, माणूस सोलापूरहून येणार आहे, नेसवतीलच.

शुक्रवारी सकाळी कराडच्या स्टँडवर त्यांना उतरवून घेतलं. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, हातात घडीची काठी. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि आम्ही आडखिंडच्या गाडीत बसलो.

“सकाळी सहाला पान लागलं,” ते म्हणाले. “तीनदा ऐकलं येताना. म्हणजे शैलाच जिंकली म्हणायची. जांभळी.”

“जांभळीच आहे, काका.”

“वांगी म्हणणारा दुकानदार कधीच वारला. नाहीतर फोन केला असता त्याला.” ते स्वतःशीच हसले. “घरातल्या कुणी नेसवल्यासारखं, असं लिहिलंत. ते फार बरं वाटलं.”

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

देवळाच्या पायऱ्यांना लागूनच देवस्थानचं दुकान होतं, ‘देवीची महावस्त्रे’. देवीला नेसवलेल्या साड्या तिथे विकायला ठेवतात. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी साड्या टांगलेल्या. मी पुढे, काका माझं कोपर धरून मागे. मी पुढे पाहत चालले होते, आणि अचानक मला ती दिसली. उजव्या हाताला, तिसऱ्या आडव्या काठीवर. जांभळं इरकल. पदर खाली लोंबत होता आणि त्याला किमतीचा चिकटपट्टीचा कागद लावला होता.

मला थांबता आलं नाही, मागून माणसं रेटत होती. मी काकांना डावीकडे ओढलं, पण उशीर झाला होता. तो पदर त्यांच्या उजव्या खांद्यावरून घासत गेला, सदऱ्याला एक क्षण अडकला आणि सुटला.

“काय होतं?” त्यांनी विचारलं.

“दुकान आहे. साड्यांचं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि खांद्यावर हात फिरवला, धूळ झटकावी तसा.

ओटीचं ताट द्यायला मी पुढे गेले तेव्हा गुरवाला हळूच विचारलं. काका चार पावलांवर खांबाला टेकून उभे होते.

“कुठली? इरकल?” गुरव ताटातला नारळ वाजवून बघत म्हणाला. “ती झाली की मागंच, फोटोत. आज देवस्थानच्या ऑफिसनं ही दिलीय.”

मी गाभाऱ्यात पाहिलं. देवीला शेंदरी नायलॉनची साडी होती, टिकल्या लावलेली. खांद्याशी पीन दिसत होती. नथीशेजारचा हळदीचा ठिपका मात्र कुणीतरी पुसला होता.

मी काकांना दोरीपर्यंत आणलं. त्यांनी काठी बगलेत धरली, हात जोडले.

“नेसलीय?” त्यांनी विचारलं.

मागे रांग होती. समोर देवी होती. खरं सांगायला एक ‘नाही’ पुरलं असतं.

“नेसलीय,” मी म्हटलं.

“सांगा.”

मी सांगितलं. पिकलेल्या जांभळाचा रंग. घडीच्या कडेवर लाली. लाल पदर, पांढरे पट्टे. माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, कुठे हलला नाही. आणि काकांचे ओठ माझ्या बरोबरीने हलत होते. त्यांना सगळं पाठ झालं होतं. ‘घरातल्या कुणी’पाशी आलो तेव्हा ते थांबले, तेवढे शब्द माझ्या एकटीच्या तोंडून आले.

“बरोबर. असंच लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले, आणि काठी उघडली.

स्टँडवर त्यांनी पिशवीतून डबा काढला. सुनेने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली होती. “तुमचं दर्शन झालं ना? मग आता खायला हरकत नाही. मला माहीत आहे तुमचा नेम.” त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात चाचपून ठेवली. मी खाल्ली. चटणी तिखट होती, चांगली होती. घशात काही अडकलं नाही. मला वाटत होतं अडकेल.

शनिवारी मी अंघोळ केली, आवर्तनं केली नाहीत. साडेआठलाच ऑफिस उघडलं. जपाची वही समोर ठेवली आणि चौदाही फोटोंच्या आतली ओळ काढून नवी लिहिली. चौदा ठिकाणी तीच, फक्त तारीख, वेळ आणि रंग वेगळा. शुक्रवारच्या ओळीत थोडं जास्त होतं, ती अशी:

‘हे आजचे दर्शन नाही. हा फोटो शुक्रवारच्या दहा दिवस आधी, मंगळवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी, गाभारा बंद असताना काढला आहे. ही साडी देवीच्या अंगावर नऊ मिनिटे होती. शुक्रवारी देवीला शेंदरी नायलॉनची साडी होती. हार ताजा नाही. हे लिहिणारी शुक्रवारी खोटे बोलली.’

साठवलं. पानावर काहीच बदललं नाही. वर ‘आजचे दर्शन’, देणगीची चौकट, मोहरीएवढी फुली. निनाद दहाला आला, साइट उघडून पाहिली, छान दिसतंय म्हणाला. दुपारी देवस्थानातूनही कुणाचा तरी कौतुकाचा फोन आला. सोळा हजार लोकांनी त्या दिवशी पान पाहिलं, निनादने मला आकडा दाखवला.

शनिवारी काकांचा फोन आला नाही. रविवारीही नाही. सोमवारी अकराच्या सुमारास घंटी वाजली. मी डबा नुकताच टेबलावर ठेवला होता.

“बाई, शुक्रवारचं पान मी परत ऐकलं,” ते म्हणाले.

“हो.”

“तीनदा ऐकलं. फोन चुकीचं वाचतोय वाटलं आधी.”

“चुकीचं नाही, काका.”

“मग शुक्रवारी तोंडाने वेगळं का सांगितलंत?”

मी पलीकडे पाहिलं. निनाद कानात काहीतरी घालून गाणी ऐकत होता.

“तुम्ही समोर होता,” मी म्हटलं.

मागे सोलापूरच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

“माझ्या समोर आलं की सगळेच गोड बोलतात, बाई. लहानपणापासून. डॉक्टर, सून, शैलासुद्धा. म्हणून तर ते पान ऐकायचो मी. तिथे लिहिणाऱ्याला मी दिसत नव्हतो.”

डब्याच्या झाकणाखालून मटकीचा वास येत होता. मी डबा दूर सारला.

“लाइनवर आहात ना?”

“आहे.”

“आता तुम्हाला मी दिसत नाहीये. आता सांगा. मी तिथे उभा होतो तेव्हा साडी कुठे होती?”

“देवळाबाहेरच्या दुकानात. टांगलेली,” मी म्हटलं. “जाताना तुमच्या उजव्या खांद्याला लागली. तुम्ही विचारलंत, काय होतं म्हणून.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहिली. ते शिव्या देतील, फोन ठेवतील, दोन्हीला मी तयार होते.

“काय लागलं खांद्याला?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “काठ की पदर?”

“पदर.”

“पदर,” ते म्हणाले. आणि लाइन बंद झाली.